वापरायचं नाही तर घेतलं कशाला?

पत्र:
"आमच्या यांना देखण्या वस्तूंचं वेड आहे. बैठकीच्या खोलीत खिडकीसमोर काचेचं कपाट आहे. त्यात लिंबू पिळायचं तीन पायांचं चकचकीत यंत्र, एक लालभडक टाइपरायटर, जुना पांढरा जर्मन रेडिओ, गोलमटोल वायरलेस स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअर. स्वयंपाकघरात चोचीवर पक्षी बसवलेली किटली आहे, पण तिच्यात पाणी उकळायचं नाही, डाग पडतात म्हणे. पाणी आम्ही पातेल्यात उकळतो. सगळ्यावरची धूळ पुसायचं काम अर्थातच माझं. परवा आमच्या दहा वर्षांच्या मुलीनं रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडलं, तर तिला इतकं बोलले की ती आता त्या कपाटाकडे फिरकत नाही. मी विचारलं, वापरायचं नाही तर घेतलं कशाला? त्यावर म्हणतात, भिंतीवरच्या चित्राचा उपयोग काय, असं कधी विचारतेस का? आता त्यांना मोबाइलवरून चालणारं डिझायनर कॉफी मशीन घ्यायचंय. या वस्तू वापरायच्या असतात की मांडून ठेवायच्या, ते एकदा तुम्हीच सांगा. आणि हे घरी नसताना मी त्या वापरायला काढल्या तर काही चूक आहे का?"

उत्तर:

ताई,

तुम्हा दोघांनाही एका शब्दात निकाल हवाय. तो देता येणार नाही, कारण त्या कपाटात एका जातीच्या वस्तूच नाहीत. काही खरोखर शोभेच्या आहेत, काही रोज राबायला केलेल्या आहेत आणि काही अशा आहेत की नुसत्या ठेवल्या तर ठेवल्या जागी खराब होतात. यजमान सगळ्यांना एकच नियम लावतात, तुम्हीही एकच लावता. भांडण मिटत नाही ते त्यामुळे. तेव्हा एकेक वस्तू खाली काढून बघू.

आधी लिंबाचं यंत्र, कारण तिथे ते जिंकतात. तुमच्या वर्णनावरून ते फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरचं 'ज्युसी सालिफ' असावं. आलेस्सी या इटालियन कंपनीनं ते १९९० साली बाजारात आणलं. उंची २९ सेंटीमीटर, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं अंग, तीन लांब पाय. इटलीत एका बेटावर सुट्टीला गेलेल्या स्टार्कनं हॉटेलातल्या कागदावर स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याची चित्रं काढता काढता हा आकार शोधला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. आता यावर लिंबू पिळून बघा. रस खाचांमधून उतरत टोकाशी येतो आणि खाली ठेवलेल्या पेल्यात पडतो, इथवर छान. पण गाळणी नाही, म्हणून बियाही पेल्यात. थोडा रस पायांवरून ओघळून ओट्यावर. आणि आंबट रसानं अ‍ॅल्युमिनियमची चकाकी हळूहळू उतरते ती वेगळीच. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीनं त्याची सोन्याचा मुलामा दिलेली मर्यादित आवृत्ती काढली, तेव्हा तर तिच्यावर लिंबू पिळू नका, मुलामा खराब होईल, अशी सूचना कंपनीनंच दिली होती! डॉन नॉर्मन हे अमेरिकन अभ्यासक रोजच्या वापरातल्या वस्तू माणसाला कशा छळतात यावर लिहून प्रसिद्ध झाले. त्यांनीही ही सोनेरी आवृत्ती विकत घेतली आणि घराच्या दर्शनी भागात मांडली. लिंबू पिळायला नाही, बघायला.

म्हणजे इथे यजमानांचं चित्राचं उदाहरण चपखल बसतं. हे शिल्प आहे, लिंबाशी त्याचं नातं नावापुरतं. त्यांना ते सुखानं मांडू द्या आणि रसासाठी एक साधं, गाळणीचं यंत्र ओट्यावर ठेवा. या एका वस्तूवरून यापुढे वाद घालू नका.

किटलीचं मात्र बरोबर उलट आहे. पक्ष्याची शिट्टी म्हणजे ती बहुधा मायकल ग्रेव्हज या अमेरिकन वास्तुविशारदानं त्याच आलेस्सीसाठी केलेली, १९८५ सालची. तिचा रुंद बुडाचा शंकू बघा. आच जास्त जागेला लागावी आणि पाणी लवकर तापावं म्हणून तो तसा आहे. मुठीवरचं निळं आवरण हाताला चटका बसू नये म्हणून. तो पक्षी तर पाण्याला उकळी आली, वाफ जोरात निघाली की मगच बोलतो. त्याचं सगळं कौतुक त्या शिट्टीत आहे, आणि तुमच्या घरात ती कुणी कधी ऐकलेलीच नाही. ही किटली जगभर प्रचंड संख्येनं विकली गेली ती पाणी उकळण्यासाठी. स्टेनलेस स्टीलच्या आत क्षारांचा पांढरा थर बसेल, पण तो डाग नव्हे. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळलं आणि धुतलं की निघतो. रिकामी किटली आचेवर विसरू नका, एवढीच काळजी. पातेलं उद्यापासून बंद करा.

देखणी किटली वापरायला चांगली असतेच असं नाही, हेही खरं. त्याच कंपनीसाठी त्याच स्टार्कनं 'हॉट बेर्ता' नावाची एक किटली केली होती, तिरपी दांडी आरपार घुसवलेली. दिसायला जबरदस्त, वापरायला त्रासदायक. काही वर्षांत कंपनीनं ती बनवणं बंद केलं. म्हणजे नाव आणि कारखाना बघून निकाल लावता येत नाही, वस्तू हातात घेऊनच बघावी लागते.

डोळे इथे भल्याभल्यांना फसवतात. १९९५ साली मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या बटणांच्या आणि पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. कोणती सुंदर वाटते आणि कोणती वापरायला सोपी वाटते, दोन्ही विचारलं. लोकांना जी सुंदर वाटली तीच सोपीही वाटली. प्रत्यक्षात ती किती सोयीची आहे याच्याशी त्या उत्तरांचा संबंध फारच थोडा निघाला. यजमान एखाद्या वस्तूकडे बघून "काय अफलातून डिझाइन आहे" म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण त्यांनी तपासलेलंही काही नसतं. तुम्ही "नुसता देखावा" म्हणता तेव्हाही तेच. किटलीत एकदाही पाणी न उकळता दोघांनी आपापला निकाल लावून टाकलाय.

आता उरलेल्या चार वस्तू. खरी गोम इथेच आहे, आणि ही बाजू तुमच्या पत्रात आलेलीच नाही.

मांडून ठेवली म्हणजे वस्तू जपली, अशी आपली समजूत असते. धातूच्या पुतळ्याच्या बाबतीत ती खरी आहे. ज्या वस्तूत बॅटरी, रबर, वंगण किंवा जुना कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा छोटा भाग, आहे तिच्या बाबतीत ती साफ खोटी आहे. अशी वस्तू आपण हात न लावताही म्हातारी होते, आणि कित्येकदा वापरातल्या वस्तूपेक्षा लवकर होते.

स्पीकर घ्या. त्यात लिथियम-आयन बॅटरी असते. बंद ठेवली तरी ती थोडी थोडी उतरते, आणि आतलं संरक्षक सर्किटही तिच्यातूनच घोट घोट पीत असतं. महिनोन् महिने चार्ज केलं नाही तर व्होल्टेज इतकं खाली जातं की सर्किट ती बॅटरी तोडूनच टाकतं. मग चार्जर लावला तरी दिवा लागत नाही आणि आपण म्हणतो, न वापरताच कसा बिघडला? न वापरल्यामुळेच बिघडला. व्होल्टेज फारच खाली गेलं तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशी बॅटरी जबरदस्तीनं पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. कायम पूर्ण चार्ज करून उन्हात ठेवणंही वाईटच, तशीही ती लवकर थकते. बराच काळ ठेवायचाच असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज, थंड जागा आणि अधूनमधून वापर, एवढं पथ्य पाळायचं. त्यावर तो मऊ रबरासारखा हात लागणारा लेप असेल तर त्याचंही ऐका: हवेतल्या दमटपणानं तो काही वर्षांत चिकट होतो. मग तुम्ही पुसायला गेलात की फडक्याचे धागे त्यालाच चिकटून बसतात.

जर्मन रेडिओ बहुधा ब्राउनचा असेल. डीटर रॅम्स या डिझायनरनं १९५५ साली ब्राउनमध्ये काम सुरू केलं आणि पुढची चार दशकं त्या कंपनीच्या वस्तूंना रूप दिलं. १९५८ चा त्यांचा 'टी ३' हा खिशातला रेडिओ आणि अ‍ॅपलचा २००१ चा गाणी ऐकायचा पहिला आयपॉड शेजारी ठेवले तर नातं सांगावं लागत नाही. चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं त्यांनी मांडली, त्यांतलं एक यजमानांना वाचून दाखवाच. वस्तू अवजारांसारख्या असतात, त्या शोभेच्याही नसतात आणि कलाकृतीही नसतात, म्हणून त्यांनी संयमानं मागे राहावं, असा त्याचा भावार्थ. ज्या माणसाची वस्तू आपण देव्हाऱ्यात बसवली त्याचंच हे म्हणणं! अर्थात आज त्याच रॅम्सच्या वस्तू संग्रहालयांत काचेमागे आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर यजमान तुम्हाला उलट ऐकवतील ही तयारी ठेवा.

पण त्या रेडिओचं लगेच करायचं काम वेगळं आहे. सेलवर चालणारा असेल तर मागचं झाकण उघडून आत सेल राहिलेत का पाहा. विसरलेले अल्कलाइन सेल फुटतात, त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि स्प्रिंगा खाऊन टाकतं. पांढरी-निळसर भुकटी दिसली तर हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसानं टिपून घ्या. विजेवर चालणारा असेल आणि वर्षानुवर्षं लावलेला नसेल, तर "बघू या चालतो का" म्हणून थेट प्लग खुपसू नका. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर विजेविना पडून राहिल्यानं कमकुवत होतो, आणि एकदम पूर्ण दाब आला की कपॅसिटर उडू शकतो. जाणत्या मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. एकदा ठीक झाला की मात्र वाजता ठेवा. आणि ते कपाट खिडकीसमोरून हलवा. जुनं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं त्याला ऊन, त्यातही अतिनील किरण, मोठा हातभार लावतात. फडकं मारून तो पिवळेपणा जात नाही.

टाइपरायटर लालभडक असेल तर तो बहुधा ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीचा 'व्हॅलेंटाइन' असणार, १९६९ चा, एत्तोरे सोत्तसास आणि पेरी किंग या डिझायनरांचा. आतलं यंत्र आधीच्याच एका मॉडेलचं, बाहेरचं रूप नवं. ऑफिस सोडून कुठेही न्यावा, बागेत, सहलीला, पलंगावर, ही त्यामागची कल्पना. म्हणून त्याला लाल बादलीसारखी पेटी दिली आणि मूठ मशीनच्याच पाठीला लावली. तेव्हा विक्री बेताचीच झाली. त्याचा रबरी रूळ काळानं कडक होतो आणि रिबन वाळते. रिबन नवी मिळते. मुलीला त्यावर पत्र लिहू द्या. चुकीची कळ दाबून तो मोडणार नाही, फार तर दोन दांड्या एकमेकींत अडकतील आणि बोटानं सुटतील.

रेकॉर्ड प्लेअर शेवटी ठेवला, कारण त्यावरूनच घरात रडारड झाली. पट्ट्यावर चालणारा असेल तर तो रबरी पट्टा मोटरच्या छोट्या चाकाभोवती एकाच वळणात वर्षानुवर्षं ताणून राहतो आणि तेच वळण धरतो. मग रेकॉर्ड लावली की सूर हेलकावे खातो. आणखी काही वर्षांनी पट्टा चक्क डांबरासारखा चिकट होतो. सुईला धरून ठेवणारं बारीक रबरही कडक होतं. हे सगळं बदलता येतं, पण वाजवलं तर कळणार ना! नुसतं झाकणातून बघणाऱ्याला आत काय चाललंय त्याचा पत्ता नसतो.

मुलीनं झाकण उघडलं, यात तिचं काय चुकलं? ती वस्तू उघडण्यासाठीच केलेली आहे. दहा वर्षांच्या मुलीला रेकॉर्ड कडेनं धरायची, सुई बसवलेला टोनआर्म बोटानं न उचलता शेजारच्या छोट्या दांडीनं उचलायचा आणि तसाच अलगद खाली सोडायचा, हे एका संध्याकाळी शिकवता येतं. शिकवायचं यजमानांनी, तुम्ही नाही. त्यांना त्या यंत्राचं प्रेम आहे आणि तिला कुतूहल आहे. दोघांच्या मध्ये तुम्ही कशाला उभ्या राहता? सुईची भीती वाटत असेल तर शिकण्यापुरती एक स्वस्तातली सुई लावून ठेवावी, बहुतेक प्लेअरची सुई काढता-घालता येते.

आता चित्राबद्दल. यजमानांचा तो मुद्दा मला हुशार वाटतो, तुम्ही तो झटकून टाकू नका. सुंदर वस्तूकडे बघून बरं वाटणं हाही उपयोगच आहे. पण भिंतीवर चित्र लावलं म्हणून घरातल्या कुणाचं काम अडत नाही. तुमच्या घरातल्या किटलीनं किटलीची जागा अडवली आणि पाणी पातेल्यात गेलं. आणि चित्र पुसायला कुणी रोज फडकं घेत नाही. ज्याला मांडायची हौस त्यानं पुसावं, इतका साधा नियम तुमच्या घरात आजवर का नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. हौस पूर्ण त्यांची आणि कष्ट पूर्ण तुमचे, ही वाटणी बदलली तर तुमचा निम्मा राग जाईल असा माझा अंदाज आहे. कपाटातलं काय शोभेचं आणि काय वापरातलं, ते दोघांनी बसून ठरवा. शोभेचं ठरलं ते त्यांनी पुसायचं. वापरातलं ठरलं त्याला कुणीही हात लावायचा, मुलीनंही.

कॉफी मशीनला माझा होकार अटींवर आहे. मोबाइलवरून चालणारी देखणी यंत्रं हा वेगळाच प्रकार आहे, कारण त्यांचं आयुष्य दूर कुठल्यातरी सर्व्हरवर अवलंबून असतं. २०१६ साली अमेरिकेत 'ज्युसेरो' नावाचं फळांच्या रसाचं यंत्र आलं होतं. इव्ह बेहार या नावाजलेल्या डिझायनरनं केलेलं, पांढरंशुभ्र, इंटरनेटला जोडलेलं. त्यात कंपनीच्याच पिशव्या घालाव्या लागत. पत्रकारांनी त्या पिशव्या नुसत्या हातानं पिळून जवळपास तेवढाच रस काढून दाखवला आणि २०१७ मध्ये कंपनी बंद पडली. त्याच २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह' हे घरातली उपकरणं जोडणारं यंत्र कंपनीनं सर्व्हर बंद करून निकामी केलं. यंत्र ठणठणीत होतं, फक्त त्याला ओळखणारं पलीकडे कुणी राहिलं नाही. असं यंत्र ना वापरता येत, ना अभिमानानं मांडता येत.

म्हणून दुकानात विचारा: अ‍ॅप नसताना, इंटरनेट बंद असताना, मशीनवरचं बटण दाबून कॉफी होते का? आतलं रबरी रिंग आणि गाळणी सुटी मिळते का? पाण्याची टाकी आणि कॉफी जिथून येते तो भाग उघडून हातानं धुता येतो का? तिन्हींना सरळ "हो" आलं तर खुशाल घ्या, आणि पहिल्याच दिवसापासून वापरा. दुकानदार "अ‍ॅपमध्ये सगळं आहे" म्हणाला तर परत या. डिझाइनच हवं असेल तर १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्तीनं आणलेलं, चुलीवर कॉफी करायचं आठ पैलूंचं मोका पॉट आहेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातही आहे आणि अजून लाखो चुलींवरही आहे, रबरी रिंग बदलत बदलत. संग्रहालयात असणं ही काही सोयीची हमी नव्हे. अ‍ॅपलचा 'जी ४ क्यूब' हा पारदर्शक ठोकळ्यातला संगणकही त्याच संग्रहालयात आहे. जुलै २००० मध्ये तो जाहीर झाला, त्याच्या कवचावर बारीक रेषा दिसतात अशा तक्रारी आल्या, आणि वर्षभरात त्याचं उत्पादन थांबलं.

राहिला शेवटचा प्रश्न, ते घरी नसताना वापरण्याचा. किटलीपुरतं म्हणाल तर चोरी कसली, ते घरातलं भांडं आहे, त्यांच्यासमोरच आचेवर ठेवा. बाकीच्या वस्तू मात्र गुपचूप काढू नका. बंद पडलेला रेडिओ किंवा वाळलेला पट्टा नेमका तुमच्या हातात तुटला, तर तो आधीच गेला होता हे तुम्ही कसं पटवणार? त्यांना बरोबर घेऊन उघडा. आणि स्पीकरचं आजच बघा: सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, शिवण कुठे उसवल्यासारखी दिसते का, कवच कुठे फुगलंय का. तसं असेल तर चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही. जळण्यासारखं काही आसपास नसेल अशा ठिकाणी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना "बॅटरी फुगली आहे" असं आधी सांगून मगच त्यांच्याकडे द्या.